हॅम्स्टरच्या पिंजऱ्याची पूर्वपीठिका

गेल्या श्रावणांत धाकट्या कन्येच्या हट्टास्तव आमच्या घरीं दोन हॅम्स्टर आले. उंदराच्या गोत्रांतला, परंतु उंदरासारखें लांब शेपूट नसलेला, मुठींत मावेल एवढा, सोनेरी-तांबूस अंगाचा आणि काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा हा प्राणी आतां पुण्या-मुंबईच्या दुकानांतून सहज विकत मिळतो. दुकानदारानें दोन घेण्याचा आग्रह धरला. एकट्याला करमत नाहीं, असें त्याचें म्हणणें. तारेचा एक पिंजरा, तळाशीं दोन बोटें लाकडाचा भुसा, एक फिरतें चाक आणि पाण्याची एक बाटली, असा सर्व संसार त्यानें बांधून दिला व आम्हीहि तो निःशंकपणें घरीं आणला. बाराव्या दिवशीं सकाळीं त्या दोहोंपैकीं एक भुशांत मरून पडलेला आढळला. त्याच्या मानेवर व पोटावर चाव्यांच्या खुणा होत्या. दुसरा कोपऱ्यांत बसून पिंजऱ्याची तार कुरतडीत होता.

कन्येनें रडत रडत विचारलें तें एवढेंच कीं, "बाबा, आपण त्यांना खायला तर पोटभर देत होतों ना?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा असल्यामुळें, कोणतीहि गोष्ट समजेनाशी झाली म्हणजे ती प्रथम कोठें व कशी घडली हें मागें जाऊन पाहण्याची आम्हांस खोड आहे. या प्राण्यास पिंजऱ्यांत ठेवावें असें प्रथम कोणास वाटलें, व त्यानें तो कसा ठेवला, याचा शोध करतां करतां जी हकीकत हातीं आली ती इतकी विलक्षण वाटली कीं ती वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवेना.

आपल्या समाजांत उंदीरजातीविषयींची भावना दुटप्पी आहे. गणेशाचें वाहन म्हणून जो मखरांत बसतो, तोच कोठारांत दिसला कीं त्याच्यासाठीं सांपळा लावला जातो; आणि १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरल्यापासून तर मेलेला उंदीर म्हणजे घर सोडण्याची सूचना, असें समीकरण दोन पिढ्यांच्या मनांत बसून गेलें होतें. अशा समाजांत उंदराचा एक परदेशी भाऊबंद मुलांचा सवंगडी होऊन यावा हेंच एक नवल. या सवंगड्याचा मूळ गांव मात्र सिरिया देशांतील अलेप्पो शहराच्या भोंवतालचीं शेतें हा होय, आणि त्याच्या पहिल्या लेखी वर्णनापैकीं एकाशीं आपलाहि एका आडवाटेनें संबंध पोहोंचतो.

अठराव्या शतकांत अलेप्पो येथें इंग्रज व्यापाऱ्यांची वखार होती. तिचे वैद्य म्हणून अलेक्झांडर रसेल व त्याच्यामागून त्याचा धाकटा सावत्र भाऊ पॅट्रिक रसेल यांनीं काम केलें. अलेक्झांडरनें १७५६ सालीं अलेप्पोचा सृष्टिवृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पॅट्रिकनें त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १७९४ सालीं काढली. या आवृत्तींत हॅम्स्टरचा उल्लेख आहे. एका हॅम्स्टरचें शवच्छेदन केलें असतां त्याच्या दोन्ही गालांतील पिशव्यांत घेवड्याच्या कोंवळ्या शेंगा लांबीनें एकीशीं एक अशा बेतानें रचलेल्या आढळल्या, कीं त्या बाहेर काढून टेबलावर पसरल्यावर त्यांचा ढीग त्या प्राण्याच्या अंगाहूनहि मोठा दिसला, अशा आशयाची ती नोंद आहे. हाच पॅट्रिक रसेल पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत मद्रासकडे आला आणि त्यानें कारोमांडल किनाऱ्यावरील सर्पांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आपल्या शेतकऱ्यास जिचें नांव घेतांच धडकी भरते त्या घोणसेस इंग्रजींत याच रसेलच्या नांवानें ओळखतात. घोणस उंदरांच्या मागें फिरते. तिला नांव देणाऱ्याच्या ग्रंथांत उंदराच्या या भाऊबंदाच्या गालफडांचीहि नोंद असावी, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटला.

या प्राण्यास शास्त्रीय नांव मिळालें तें १८३९ सालीं. लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या संग्रहाचा व्यवस्थापक जॉर्ज वॉटरहाऊस यानें अलेप्पोहून आलेल्या एकाच कातड्यावरून त्याचें वर्णन केलें व सोनेरी रंगावरून त्यास नांव दिलें. जिवंत हॅम्स्टर युरोपांत नेण्याचा मान अलेप्पो येथील इंग्रज वकील जेम्स स्कीन याजकडे जातो. तो १८८० सालीं निवृत्त होऊन एडिंबरोस परतला तेव्हां त्यानें कांहीं जोड्या बरोबर नेल्या, आणि त्यांची प्रजा तेथें सुमारें तीस वर्षें टिकून १९१० च्या सुमारास नामशेष झाली. त्यानंतर सुमारें वीस वर्षें हा प्राणी केवळ संग्रहालयांतील वाळल्या कातड्यांच्या रूपानें जगास ठाऊक होता. ज्या प्राण्यांचीं आज जगभर लाखों घरांत चाकें फिरत आहेत, ते त्या काळीं पिंजऱ्यांत कोठेंहि नव्हते.

ते पुन्हां पिंजऱ्यांत आले ते कोणाच्या हौसेखातर नव्हे, तर एका रोगापायीं. आणि तो रोग मुख्यत्वें आपल्याच देशाचा. बंगाल व आसाम या प्रांतांत काळा आजार या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ज्वरानें एकोणिसाव्या शतकांत गांवेंच्या गांवें ओस पाडलीं होतीं. त्याचा जंतु १९०३ सालीं लिशमन यानें इंग्लंडांत व डोनोव्हन यानें मद्रासेंत, असा एकाच वर्षीं दोघांनीं स्वतंत्रपणें जाहीर केला, व त्यावर युरिया स्टिबामाइन हें गुणकारी औषध कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२२ सालीं जगापुढें मांडलें. तथापि अशा रोगाचा अभ्यास करावयाचा तर त्याचा जंतु ज्याच्या अंगांत वाढेल असा लहान प्राणी हवा. १९२४ च्या सुमारास पेकिंग येथील संशोधकांस आढळलें कीं चीनमधील पट्टेदार हॅम्स्टर या कामीं उत्तम उपयोगी पडतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत जंतुशास्त्राचें काम करणारे सॉल ॲडलर यांनीं ते चिनी हॅम्स्टर मागविले. परंतु ते पिंजऱ्यांत प्रजोत्पादन करीनात आणि प्रत्येक वेळीं चीनहून नवे मागविणें परवडण्यासारखें नव्हतें. तेव्हां आपल्या शेजारच्या मुलखांतच एखादा हॅम्स्टर मिळाल्यास पाहावा म्हणून त्यांनीं त्याच विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांस गळ घातली.

अहारोनी यांनीं आपल्या आठवणी पुढें हिब्रू भाषेंत लिहून ठेविल्या, त्यामुळें पुढील प्रसंगाचा तपशील आपणांस मिळतो. १२ एप्रिल १९३० रोजीं अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतांत, तेथील शेखाच्या अनुमतीनें, मजूर लावून खणती सुरू झाली. कित्येक तास खणून, बरेंचसें उभें पीक नासून, अखेर आठ फूट खोलीवर एक घरटें लागलें आणि त्यांत एक मादी व तिचीं अकरा पिलें सांपडलीं. खोलीचा हा आंकडा आम्हांस जरा फुगलेला वाटतो, त्याचें कारण पुढें येईल. अहारोनी यांनीं आई व पिलें एका पेटींत ठेविलीं. आईनें आपलें सर्व कांहीं करून पिलांना वाढवावें अशी त्यांची अपेक्षा होती. पण तिनें जवळ आलेल्या पहिल्याच पिलाचें डोकें चावून तोडलें. उरलेल्या दहांचा जीव वांचावा म्हणून आईस मारण्यांत आलें, आणि अजून डोळे न उघडलेलीं तीं पिलें अहारोनी दांपत्यानें घरीं नेऊन हातानें दूध पाजून वाढविलीं.

हा प्रसंग वाचतांना त्या मातेस क्रूर म्हणण्याचा मोह होतो. अहारोनी यांनाहि तो पाहून मोठा धक्का बसला होता. परंतु आज या प्राण्याचा अनुभव असलेला कोणीहि सांगेल, कीं विण्यानंतरच्या पहिल्या दिवसांत घरटें उघडलें, पिलांस हात लावला, किंवा आईस लपावयास जागा उरली नाहीं, म्हणजे असें घडणें मुळींच अपवादात्मक नाहीं. ज्या मादीचें बीळ नुकतेंच कुदळीनें फोडून तिला भर उन्हांत उघड्या पेटींत टाकलें, तिच्याकडून वात्सल्याची अपेक्षा करणें हेंच चमत्कारिक होतें.

आतां जो भाग येतो तोच आमच्या मतें या सर्व कथेचा गाभा आहे. पिलें मोठीं झाल्यावर त्यांतील नऊ, विद्यापीठाच्या प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाहेम यांच्या हवालीं करण्यांत आलीं. त्यांनीं तीं एका पिंजऱ्यांत ठेविलीं. या पिंजऱ्याचा तळ लाकडी होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों तळास भोंक पडलेलें आणि नवांपैकीं पांच नाहींसे झालेले! कुरतडणाऱ्या सर्व प्राण्यांचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, व ते झिजविण्यासाठीं त्यांस कांहीं ना कांहीं सतत कुरतडावें लागतें. उंदराच्या कुळांतील प्राण्यास फळीच्या घरांत कोंडणें म्हणजे कैद्यास कोठडीबरोबर किल्लीहि देण्यासारखें आहे. बेन-मेनाहेम यांस या चुकीबद्दल फार हळहळ वाटली. साऱ्या जगांत पाळलेले म्हणून जे सुवर्ण हॅम्स्टर होते ते आतां चार उरले होते.

या चौघांपासून प्रजा कशी करावयाची? नर व मादी एकत्र ठेवावींत तर तीं एकमेकांच्या जिवावर उठत. चिनी हॅम्स्टरच्या बाबतींत ॲडलर यांस आलेला अनुभव समोर होताच. अशा वेळीं बेन-मेनाहेम यांनीं जें केलें तें एखाद्या शास्त्रज्ञापेक्षां चतुर शेतकऱ्यास शोभणारें आहे. त्यांनीं एक मोठा तारेच्या जाळीचा पिंजरा घेतला, त्यांत वाळलें गवत ठासून ठासून भरलें आणि वरच्या अंगास अगदीं थोडी मोकळी जागा ठेवून तेथें उजेड पडेल असें केलें. मादीला आंत सोडतांच ती उजेड टाळण्यासाठीं गवतांत शिरली व पोखरत पोखरत आंत जाऊन बसली. तिला तेथें स्थिरस्थावर होऊं दिल्यावर मग नरास सोडलें. पुष्कळ पाठलाग झाला, परंतु या वेळीं पळावयास बोगदे होते, लपावयास अंधार होता. आणि अखेर जें उघड्या पिंजऱ्यांत घडत नव्हतें तें घडलें. हॅम्स्टरची मादी अवघ्या सोळा दिवसांत विते. इतका अल्प गर्भकाळ असलेले सस्तन प्राणी फारच थोडे. एका वर्षाच्या आंत प्राणिगृहांत दीडशें हॅम्स्टर झाले.

हे सर्व सख्ख्या भावंडांच्या पोटचे. पुढें पुष्कळ वर्षांनीं पाळीव हॅम्स्टरांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली तेव्हां, मातेकडून येणारा त्याचा अंश त्या सर्वांत एकाच मादीकडून आलेला दिसून आला. म्हणजे आमच्या कन्येच्या पिंजऱ्यांत मेलेला व मारणारा, हे दोघेहि गव्हाच्या शेतांतील त्या एकाच बिळाचे वारस होते. १९७१ सालीं मायकेल मर्फी नांवाच्या अमेरिकन संशोधकानें अलेप्पोस जाऊन कांहीं नवे हॅम्स्टर पकडून नेले. परंतु बाजारांत विकल्या जाणाऱ्या प्रजेचें मूळ १९३० चेंच राहिलें.

पुढचा प्रसार झपाट्यानें झाला व त्याची हकीकतहि थोडक्यांत आटपतां येईल. १९३१ सालीं ॲडलर यांनीं कांहीं हॅम्स्टर स्वतः इंग्लंडांत नेले. कोटाच्या खिशांत घालून नेले असें सांगतात. तेथें लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाशीं संबंध असलेले प्रा. हिंडल यांनीं त्यांची पैदास केली. १९३७ च्या सुमारास ते खासगी हौशी लोकांच्या हातीं गेले व १९३८ सालीं अमेरिकेंतील प्रयोगशाळांत पोहोंचले. दुसऱ्या महायुद्धानंतर अलाबामा संस्थानांतील मोबाईल शहरीं आल्बर्ट मार्श नांवाच्या एका गृहस्थानें हॅम्स्टर पाळून विकण्याचा धंदाच काढला आणि त्यावर एक पुस्तिकाहि लिहिली. पैजेंत जिंकलेल्या एका हॅम्स्टरावरून त्याचा हा उद्योग सुरू झाला असें म्हणतात. येथपासून हा प्राणी प्रयोगशाळेंतून घरांत शिरला.

पण तो घरांत शिरला तो आपला प्रयोगशाळेंतला पिंजरा बरोबर घेऊन, आणि आमचें म्हणणें जें आहे तें येथेंच आहे. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्याची रचना कोणाच्या सोयीची? ओळीनें मांडतां यावा, चटकन् धुतां यावा, आंतला प्राणी केव्हांहि दिसावा व हातीं यावा, भुसा कमींत कमी लागावा, या सर्व सोयी माणसाच्या. शेंकडों प्राणी सांभाळणाऱ्या नोकरास त्या हव्याच होत्या, व त्याबद्दल त्यास कोणी दोष देणार नाहीं. दुकानदारानें तोच पिंजरा थोडा रंगवून, त्यास एक चाक जोडून मुलांपुढें ठेविला; कारण त्यालाहि प्राणी दिसलेला हवा. न दिसणारा माल कोण विकत घेणार? बेन-मेनाहेम यांचा गवतानें ठासलेला पिंजरा, ज्यावांचून ही प्रजा जन्मासच आली नसती, तो मात्र या वाटचालींत कोणास आठवला नाहीं. पूर्वज कशामुळें तगले हें विसरून वंशजांनीं फक्त घराण्याची पाटी जपावी, असे प्रकार इतिहासांत आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. हा त्यांतलाच एक.

हें विस्मरण दूर होण्यास जवळजवळ सत्तर वर्षें जावीं लागलीं. या प्राण्याचें जंगलांतील, किंबहुना शेतांतील, जीवन तोंवर कोणीं धडपणें पाहिलेंच नव्हतें. १९९७ व १९९९ या सालीं जर्मनींतील हाले विद्यापीठाचे रॉल्फ गाटरमन व त्यांचे सहकारी उत्तर सिरियांत गेले, व त्यांनीं तीस बिळें मापून त्यांचे नकाशे काढले. बिळांची खोली ३६ पासून १०६ सेंटिमीटर, सरासरी ६५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सव्वादोन फूट भरली. अहारोनींचे आठ फूट आम्हांस फुगलेले वाटतात ते याकरतां. उभी वाट खालीं उतरते, मग निजण्याची कोठी, धान्याची कोठी आणि मलमूत्रासाठीं एक निराळी बंद गल्ली, असा तो वाडा असतो. आणि अशा प्रत्येक वाड्यांत प्रौढ हॅम्स्टर एकच. दोन वसत्या बिळांमध्यें शंभर मीटरांहून अधिक अंतर आढळलें. एकट्यास करमत नाहीं, हें दुकानदाराचें वाक्य आम्हीं हा मजकूर वाचतांना आठवलें, आणि पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसावें लागलें. शंभर मीटर ज्यास जवळ वाटतात त्यास आम्हीं हातभर पिंजऱ्यांत शेजारी दिला होता.

याच मंडळींनीं २००८ सालीं दुसरी एक गोष्ट प्रसिद्ध केली. पिंजऱ्यांतला हॅम्स्टर पक्का निशाचर. दिवसा निजतो व रात्रभर चाक फिरवितो, म्हणून सर्व पुस्तकांत त्यास निशाचर म्हटलेलें असे. परंतु सिरियांतील शेतांत पाहिलेल्या माद्या सकाळीं व सायंकाळच्या सुमारास, म्हणजे दिवसाउजेडींच, थोडा वेळ बिळाबाहेर येत व रात्रीं बाहेर दिसत नसत. दिवस कोणता व रात्र कोणती, येथपर्यंत पिंजऱ्यानें उलथापालथ केली होती.

यांच्या दरम्यान २००६ सालीं स्वित्झर्लंडांतील संशोधकांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. हॅम्स्टरांचे तीन गट करून त्यांच्या पिंजऱ्यांत अनुक्रमें १०, ४० व ८० सेंटिमीटर जाडीचा भुसा घातला. इतकाच काय तो भेद. चाक सर्वांस होतें. ज्यांस दहा सेंटिमीटर मिळाला ते इतरांपेक्षां पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडीत आणि चाकावर अधिक धांवत. ज्यांस खोल भुसा मिळाला त्यांनीं बिळें खणलीं व त्यांत ते राहिले. तार कुरतडणें म्हणजे खेळ नव्हे व दांत घासण्याची युक्तिहि नव्हे. ज्यास खणावयाचें आहे पण खणावयास माती नाहीं त्याची ती तडफड. आमच्या हॅम्स्टरच्या पिंजऱ्यांत भुसा होता दोन बोटें, म्हणजे फार तर चार सेंटिमीटर. त्याचें रात्रभर चाललेलें चाक ऐकून आम्ही "किती उद्योगी!" म्हणून कौतुक करीत होतों.

येथें वाचकांपैकीं कोणी म्हणेल, मग सर्वच लहान प्राणी एकटे ठेवावे काय? तसा सरसकट नियम केल्यास दुसरीकडे तीच चूक होईल. गिनीपिगचें पाहा. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतल्या लोकांनीं त्यास हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविलें तें खाण्यासाठीं. आजहि तेथील खेड्यांत गिनीपिगांचे कळप स्वयंपाकघरांत चुलीच्या उबेस मोकळे वावरतात व निवडलेल्या भाजीचीं देठें खातात. हा प्राणी कळपाचा. सोळाव्या शतकांत युरोपांत गेल्यावर तेथील मुलांनीं तो हौसेनें पाळला व पुष्कळदा एकटाच पाळला. स्वित्झर्लंडानें २००८ सालच्या प्राणिरक्षणाच्या नियमांत गिनीपिग एकटा ठेवण्यास बंदी केली ती याच कारणानें. त्याच्या आहाराविषयींहि माणसास ज्ञान झालें तें आडमार्गानेंच. १९०७ सालीं नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिक हे दोघे खलाशांच्या एका रोगाचा तपास करतांना गिनीपिगांस नुसतें धान्य चारीत होते, तों त्यांस स्कर्व्ही झाला. त्यावरून पुढें क जीवनसत्त्वाच्या शोधास मोठी चालना मिळाली. कारण माणसाप्रमाणेंच गिनीपिगहि तें सत्त्व स्वतःच्या शरीरांत तयार करूं शकत नाहीं. अँडीजमधील गृहिणीच्या देठांत तें आपोआप मिळत होतें. त्यास रोज हिरवा पाला हवा. हॅम्स्टरास धान्य, बिया व थोडी भाजी पुरते. एकाच दुकानांत, एकाच फळीवर, सारख्याच पिंजऱ्यांत बसलेल्या या दोन प्राण्यांच्या गरजा इतक्या उलट आहेत.

आमच्या घरीं उरलेल्या हॅम्स्टरचें पुढें काय झालें हें सांगणें प्राप्त आहे. शेजाऱ्यांच्या माळ्यावर मासे ठेवण्याची एक जुनी कांचेची पेटी पडून होती. लांबी साडेतीन फूट, उंची दोन फूट. तिच्यांत सोळा इंच उंचीपर्यंत भुसा, वाळलें गवत व कोऱ्या कागदाच्या पट्ट्या मिसळून दाबून भरल्या. सुगंधी लाकडाचा भुसा व सुताराकडील बारीक भुकटी आम्हीं टाळली, कारण दोहोंनीं या प्राण्यांच्या श्वासनलिकेस त्रास होतो. दुकानांत मिळणारा कापसासारखा मऊ बिछानाहि टाळला. त्याचे धागे पायांस गुंडाळले जातात, पोटांत गेल्यास आंतडीं अडतात. चाक ठेविलें, परंतु मोठें. लहान चाकांत त्याची पाठ वांकून जात होती. वर जाळीचें झांकण बसविलें. पुण्याचा वैशाख या थंड बिळांत राहणाऱ्या जिवास सोसणारा नाहीं, म्हणून पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीवर ठेविली व एक लहान मातीचें मडकें भुशांत आडवें पुरलें. दुपारीं मातीचा गारवा त्यास मिळतो. सबंध पेटी आठवड्यास धुण्याचा दुकानदाराचा उपदेश आम्ही पाळीत नाहीं. त्यानें मूत्रासाठीं जो कोपरा ठरविला आहे तेवढाच साफ करतों, कारण सारें बीळ उपसून टाकलें कीं अलेप्पोच्या शेतांतली कुदळ पुन्हां चालविल्यासारखें होतें.

पेटींत सोडल्यावर तो प्रथम एका कोपऱ्यांत थबकला. मग गालांत दाणे भरून त्यानें खणावयास आरंभ केला, आणि तिसऱ्या दिवशीं कांचेस लागून एक बोगदा व त्याच्या टोकाशीं धान्याची कोठी स्पष्ट दिसूं लागली. तार कुरतडणें थांबलें. थांबावयाचेंच, कुरतडावयास आतां तार उरली नव्हती, असें कोणी म्हणेल. पण झांकणाच्या जाळीकडेहि तो ढुंकून पाहत नाहीं.

अलेप्पोच्या शेतांत मात्र त्याच्या भाऊबंदांची स्थिति चांगली नाहीं. पिकाचा शत्रु म्हणून शेतकरी त्यांस पूर्वापार मारीत आले. त्यांचा मुलूख सिरिया व तुर्कस्तान यांच्या सीमेवरील एका लहानशा पट्ट्यापुरता आहे. आणि २०१२ पासून २०१६ पर्यंत अलेप्पो शहरीं जें भीषण युद्ध झालें त्यांत माणसांचीच गणना राहिली नाहीं, तेथें बिळांची कोण करणार? नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांत आज या जातीची गणना होते, आणि त्याच वेळीं जगांतील घराघरांत तिची संख्या अगणित आहे.

कन्येच्या मैत्रिणी घरीं येतात तेव्हां त्या पेटीसमोर बसून राहतात व कांहींच दिसत नाहीं म्हणून कंटाळून उठतात. कन्या त्यांस सांगते कीं तो आंत आहे, संध्याकाळपर्यंत थांबा. एक-दोघी थांबतात.